पुण्याची नासिका-पुनर्रचना (1792-94) : ज्ञान, जात आणि अनामिकता

प्रस्तावना :

प्लास्टिक सर्जरी म्हटले की आज सुरकुत्या घालविणाऱ्या इंजेक्शनांपासून स्तनाच्या कर्करोगानंतर केल्या जाणाऱ्या पुनर्रचनेपर्यंत अनेक उपचार डोळ्यांसमोर येतात. या शास्त्राच्या आधुनिक इतिहासाचा एक महत्त्वाचा दुवा पेशवाईतील पुण्याशी जोडलेला आहे. भारतीय शल्यपरंपरेची चर्चा बहुधा सुश्रुतापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. त्यामुळे पुण्यात प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणारा कारागीर दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात त्याचे स्थान तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

घटनेची पार्श्वभूमी :

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (1790-92) मराठे व निजाम इंग्रजांच्या बाजूने होते. इंग्रज सैन्यात बैल हाकण्याचे काम करणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी नोंदीत त्याचे नाव 'कावसजी' असे येते. मराठी समाजात नाक हे प्रतिष्ठेचे प्रतीक आहे. 'नाक कापणे' हा वाक्प्रचारच त्याची साक्ष देतो. म्हणूनच नाक कापण्याची शिक्षा शरीराइतकीच सामाजिक अस्तित्वावर घाव घालणारी होती. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळील, विटा करणाऱ्या कुंभार जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले.

शस्त्रक्रियेचे स्वरूप :

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये 'बी. एल.' या आद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात या क्रियेचे तपशीलवार वर्णन आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून नाकाचा आकार घेतला जाई. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत, त्याभोवती रेषा आखीत आणि तेवढी त्वचा सोडवून घेत. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधली त्वचेची एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवली जाई. ही त्वचा अर्धा वळसा देऊन खाली आणीत व नाकाच्या कडा खरवडून तेथे बसवीत. त्यावर काथात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या व चार दिवसांनंतर तुपात बुडविलेली कापडे लावीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली जाई.

या क्रियेचे मर्म त्या अरुंद पट्टीत आहे. नव्या जागी त्वचा रुजेपर्यंत रक्तपुरवठा तिच्यातूनच चालू राहतो. म्हणजेच कारागिराची ही कृती केवळ हस्तकौशल्याची नव्हती, तिच्यामागे निरीक्षणातून आलेले निश्चित ज्ञान होते.

सुश्रुत आणि कुंभार :

सुश्रुतसंहितेत नाकाचे माप झाडाच्या पानाने घेण्यास व त्वचा गालावरून घेण्यास सांगितले आहे. पुण्यात मेण व कपाळाची त्वचा वापरली गेली. हा भेद महत्त्वाचा आहे. ग्रंथातील विद्या जशीच्या तशी टिकून राहिली, असे यावरून म्हणता येत नाही. हातांच्या परंपरेने तीत बदल घडविला किंवा स्वतंत्र पद्धती विकसित केली, असे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते. ही विद्या संस्कृत पाठशाळेत नव्हे, तर विटा थापणाऱ्यांच्या घरात जिवंत होती.

नोंदीतील मौन :

थॉमस क्रुसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही क्रिया पाहिल्याचे पत्रात नमूद आहे. चित्रकार जेम्स वेल्स याने रुग्णाचे चित्र काढले. साक्षीदार, चित्रकार व रुग्ण या सर्वांची नावे त्यामुळे टिकली. शस्त्रक्रिया करणाऱ्याची मात्र केवळ जात नोंदली गेली. याच काळात पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबट या कारागिराचे नाव त्याच्या चित्रांमुळे राहिले. कुंभाराची कलाकृती मात्र रुग्णाच्या देहाबरोबरच नाहीशी झाली.

पुढील प्रवाह :

हे वर्णन वाचून लंडनचा शल्यविशारद जोसेफ कार्प्यू याने 1814 मध्ये ही क्रिया केली व 1816 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 1818 मध्ये जर्मनीत ग्रेफे याचा ग्रंथ आला. रक्तपुरवठा न तोडता ऊतक हलविण्याचे हेच तत्त्व पुढे स्तन-पुनर्रचनेतही उपयोगी पडले. तान्सिनी याने 1906 मध्ये पाठीच्या व हार्ट्रॅम्फ याने 1982 मध्ये पोटाच्या ऊतकांचा त्यासाठी उपयोग केला.

महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया (1922-2007) यांनी पुण्याजवळील कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर पुनर्रचना-शस्त्रक्रिया केल्या व मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शाखेची उभारणी केली. पुढे त्यांच्या संस्थेने पुरंदर तालुक्यातील परिंचे भागात गावच्या स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. पदवीबाहेरील माणसालाही आरोग्यज्ञान पेलते, हा विश्वास त्यामागे होता.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या जडणघडणीत पुण्याच्या कारागीर-परंपरेचा प्रत्यक्ष वाटा आहे. दुसरी, प्राचीन ग्रंथाच्या गौरवात हा वाटा विरघळवून टाकणे इतिहासाला धरून नाही. तिसरी, ज्याला व्यवसायाचा दर्जा नाही त्याचे ज्ञान घेतले जाते, पण त्याचे नाव घेतले जात नाही. कापलेले नाक जोडणाऱ्याची ओळखच इतिहासातून कापली गेली, ही या घटनेतील खरी उणीव आहे. विज्ञानाचा इतिहास शिकविताना ग्रंथकारांबरोबर कारागिरांनाही स्थान देणे, हाच ती भरून काढण्याचा मार्ग होय.