आवाज म्हणजे ताकद? सायलेन्सरची सव्वाशे वर्षांची गोष्ट



कारखान्याचा पट्टा पडला, ऊसवाहतूक थांबली, आणि पहिलं काम हातात घेतलं ते पुतण्याच्या ट्रॅक्टरचं. मागच्या दिवाळीत त्यानं मूळ सायलेन्सर काढून बाजारातली सरळ नळी बसवली होती. फडातनं ट्रॅक्टर निघाला की वस्तीवर सगळ्यांना कळायचं. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "काका, नळीनं इंजिन मोकळं होतं. लोडला ओढतंय चांगलं."

तेव्हा मी गप्प बसलो, कारण पूर्ण खोटं आहे असं छातीठोक सांगता येईना. मग हा समज मुळात आला कुठनं, हे शोधायला बसलो. हाती लागली ती गोष्ट ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक चालवणाऱ्या सगळ्यांच्या कामाची आहे, म्हणून इथं लिहितोय.

सुरुवात शेतीयंत्रवाल्यांच्या घरातनं

अमेरिकेत सायलेन्सरला मफलर म्हणतात. आपल्याकडं मफलर गळ्यात घालतात आणि सायलेन्सर गाडीला लावतात, कारण आपण शब्द इंग्रजांकडनं घेतला. वस्तू मात्र एकच. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचे मिल्टन आणि मार्शल रीव्हज हे दोघे भाऊ. या घराण्याचा धंदा शेतीयंत्रांचा होता: कोळपणीची औजारं, मळणीयंत्रं, वाफेची इंजिनं. मिल्टननं १८९६ साली पेट्रोल इंजिनावर चालणारी गाडी बनवली. त्या काळात रस्त्यावर घोडे असायचे आणि अशा गाडीच्या धडधडीनं ते बुजायचे. १८९७ साली या भावांनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या भांड्याचं पेटंट घेतलं. म्हणजे सायलेन्सर शहरातल्या शौकिनांनी नाही, शेतीयंत्रं बनवणाऱ्या घरानं पुढं आणला.

दुसरं नाव हायरम पर्सी मॅक्झिमचं. त्याच्या बापानं मॅक्झिम मशीनगन बनवली आणि गोळीबाराच्या आवाजात आयुष्य घालवून उतारवयात कान गमावले. मुलानं १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. पुढं त्याच्या कंपनीनं इंजिनांसाठी आणि कारखान्यांसाठी सायलेन्सर बनवले. तत्त्व तेच: दाबाखालचा वायू एकदम बाहेर सोडायचा नाही, वाटेत त्याला फिरवायचं, पसरू द्यायचं, मग सोडायचं.

आत नेमकं काय होतं

इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबलेला गरम वायू झटक्यानं बाहेर पडतो. प्रत्येक झटका म्हणजे एक ठोका. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमवर फिरत असेल, तर सेकंदाला ५० ठोके पडतात. आपल्याला जो खर्जातला 'घूं' ऐकू येतो, तो हाच.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात वाजते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८६३ साली छापलेल्या ग्रंथात अशा पोकळ भांड्यांचा अभ्यास मांडला आहे. असं भांडं नळीला जोडलं तर आपल्या सुराच्या लाटा ते अडवून धरतं. सायलेन्सरच्या पोटातले कप्पे आणि भोकांच्या नळ्या हेच काम करतात. लाट एका कप्प्यातनं दुसऱ्यात जाताना अडते, उलटी फिरते, आणि येणाऱ्या लाटेला मारते.

दुसरी जात काचेच्या लोकरीची. मधनं सरळ भोकांची नळी आणि भोवती ग्लासवूल. बाजारात 'स्पोर्ट्‌स' म्हणून मिळतात ते बहुतेक याच जातीचे. ही लोकर वरच्या पट्टीतला कर्कश आवाज, सुसाटा खाते. खर्जाचा 'घूं' मात्र तिला दाद देत नाही. का, ते हिशोबानं बघा. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर धरला, तर ५० ठोक्यांच्या सुराची एक लाट १० मीटर लांब होते. इंचभर जाडीची लोकर त्या लाटेचं काय वाकडं करणार? म्हणून सरळ नळीवर नुसतं लोकरीचं भांडं चढवलं, तरी केबिनमध्ये डोकं भणभणायचं थांबत नाही. खर्जासाठी कप्पेच लागतात, आणि कप्प्यांना जागा लागते. मूळ सायलेन्सर एवढा मोठा आणि जड असतो तो उगाच नाही.

मग 'ताकद वाढते' हे कुठनं आलं

सुरुवातीचे सायलेन्सर खरोखर वाईट होते. वायूची वाट अडायची, मागं दाब तुंबायचा, आणि आधीच अशक्त असलेल्या इंजिनाची ताकद आणखी घटायची. म्हणून त्या काळच्या कित्येक मोटारींना 'कटआउट' असायचा. पायानं दांडा दाबला की वायू सायलेन्सरला बगल देऊन थेट बाहेर. चढ आला की ड्रायव्हर कटआउट उघडायचे. हळूहळू चढ नसला तरी उघडायला लागले, कारण आवाजानं लोक वळून बघायचे. शेवटी अमेरिकेतल्या अनेक शहरांनी गावात कटआउट उघडायला बंदी घातली.

'आवाज म्हणजे ताकद' हा समज तिथला. १९१० साली तो अर्धा खरा होता. नंतर इंजिनं सुधारली, सायलेन्सर प्रत्येक इंजिनाच्या मापानं बनायला लागले. समज मात्र तसाच राहिला.

आपल्या बुदनीच्या केंद्रात, मध्य प्रदेशात, ट्रॅक्टरची चाचणी होते. तिथं पीटीओवर मोजलेली ताकद कंपनीच्या सायलेन्सरसकट मोजलेली असते. म्हणजे ज्या आकड्यावर आपण ट्रॅक्टर घेतो, तो सायलेन्सर असतानाचाच आहे. शिवाय बुदनीच्या अहवालात चालकाच्या कानाशी किती आवाज होतो, तेही छापलेलं असतं. ट्रॅक्टर घेताना ते पान आपण कुणीच उघडत नाही.

आवाजावरनं ओळखायचे दिवस

आवाजाचं आणि शेतकऱ्याचं नातं जुनं आहे, ते नाकारून चालणार नाही. अमेरिकेत जॉन डिअरच्या दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला लोक आवाजावरनं 'जॉनी पॉपर' म्हणत. आपल्याकडं मोटेच्या चाकाची कुरकुर गेली आणि ऑईल इंजिनाची पुकपुक आली. इंग्लंडच्या डर्सलीत १९२९ च्या सुमारास निघालेलं लिस्टरचं ५ एचपीचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन ६०० आरपीएमवर चालायचं, म्हणजे सेकंदाला ५ ठोके. राजकोटला त्याच धर्तीवर इंजिनं बनायला लागली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी सुरू झाली. गावोगावच्या विहिरींवर ही मंडळी बसली.

आमचे तात्या सांगायचे, रात्री पाणी धरायला गेलं की बांधावर पडून इंजिन ऐकायचं. ठोका जड पडतोय म्हणजे पाणी उचलतंय. एकाएकी हलका आणि भरभर व्हायला लागला म्हणजे फूट व्हॉल्व्हनं पाणी सोडलं, पळा. तो आवाज म्हणजे माहिती होती.

सरळ नळी नेमकी ही माहिती मारते. पुतण्याला हेच समजावलं. टॅपेट वाजतोय, वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय, पट्टा सुटलाय, हे सगळं इंजिन आधी आवाजातनं सांगतं. नळीच्या गदारोळात त्यातलं काहीच ऐकू येत नाही. कळतं तेव्हा गॅरेजचं बिल हातात असतं.

कान जातात कसे

गोंगाटानं कान जातात हे नवं नाही. इटलीच्या रामाझिनीनं कामगारांच्या रोगांवरच्या ग्रंथात, तीनशे वर्षांपूर्वी, तांब्याची भांडी ठोकणारे तांबट बहिरे होतात, असं लिहून ठेवलं आहे. १८८६ साली ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरनं बॉयलर बनवणारे १०० कामगार तपासले. एकाचंही ऐकणं धड निघालं नाही.

ट्रॅक्टरकडं लक्ष जायला मात्र वेळ लागला. अमेरिकेत नेब्रास्काची प्रसिद्ध ट्रॅक्टर चाचणी १९२० पासून होते. तिच्यात आवाज मोजायला सुरुवात झाली १९७० साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या वर आकडे सहज यायचे.

आपल्याकडं कारखान्यांसाठी मर्यादा आहे: ९० डेसिबलला दिवसाला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. दर ५ डेसिबलला वेळ निम्मा. पण शेत म्हणजे कारखाना नाही. हंगामात १४ तास स्टिअरिंगवर बसणाऱ्या ड्रायव्हरच्या कानाशी मीटर घेऊन कुणी येत नाही. त्यात ट्रॅक्टरची उभी नळी तोंडासमोर, कानापासनं चार-पाच हातांवर. ट्रकची नळी निदान मागं तरी असते.

कायदा काय म्हणतो

'ट्रॅक्टर शेतीचा आहे, त्याला नियम नाही' असं पारावर ऐकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० बघा. प्रत्येक वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर हवा असं त्यात नाव घेऊन म्हटलं आहे. रस्त्यावर आवाजाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन तीन महिने बाद. ऊस घेऊन डांबरीवर आलात की हे लागू.

आम्ही काय केलं

१. आधी गळती शोधली. इंजिन थंड असताना चालू केलं आणि मॅनिफोल्डच्या जोडाशी काजळीचे डाग बघितले. गॅस्केट फुटलेलं निघालं. तिथनं फटफट आवाज येत असेल तर कितीही भारी सायलेन्सर लावा, उपयोग नाही.

२. मूळ सायलेन्सर गोठ्यामागं पडला होता. ठोकून बघितला, आत पत्रा खुळखुळत होता, म्हणजे कप्पे सडलेले. त्याच मॉडेलचा नवा आणला. मापात फरक नको. अरुंद नळीनं खरोखर मागं दाब येतो, इंजिन तापतं आणि डिझेल जास्त लागतं.

३. नळीत जाळी, चिंध्या, तारेचा काथ्या कोंबायचा नाही. असे उपाय बघितलेत. पेट घेतात नाहीतर वाट तुंबवतात.

४. पिकअप किंवा ट्रक बीएस-६ असेल तर सायलेन्सरच्या पुढं धूर शुद्ध करणारी भांडी आणि सेन्सर असतात. तिथं गावच्या वेल्डरचा हात लावू नका. फक्त शेवटचा भाग बदलला असेल तर मूळचा परत बसवा.

५. ज्यांची नोकरीच स्टिअरिंगवर आहे त्यांनी कानात इअरप्लग घालावेत. स्वस्त मिळतात. कापसाचा बोळा पुरत नाही.

नवा सायलेन्सर बसवल्यावर पुतण्यानं खताची भरलेली ट्रॉली त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये नेऊन बघितली. वर आल्यावर काही बोलला नाही. नंतर एवढंच म्हणाला, "काका, फॅनच्या पट्ट्याचा आवाज येतोय, बघायला पाहिजे." मला तेवढं पुरे.

आता तात्यांचं. तीस वर्षं त्यांनी जो ट्रॅक्टर हाकला, त्याचा सायलेन्सर निम्मा सडलेला होता. कुणी बदलला नाही, कारण चालत होतं. गोंगाटानं कान जातात तेव्हा आधी वरची पट्टी जाते: पाखरं, फोनची रिंग, लेकरांचं बोलणं. खर्ज शेवटपर्यंत उरतो. त्यामुळं नातवाची हाक त्यांना कळायची नाही, पण नळीवाला ट्रॅक्टर ओढ्यापलीकडनं आला की ओसरीवरनं म्हणायचे, "आला बघ पोरगा." घरात त्यांना पहिल्यांदा कळायची अशी ती एकच गोष्ट होती.

परवा पुतण्या अंगणात ट्रॅक्टर लावून उतरला, तरी तात्यांनी मान वर केली नाही. पोरगं जाऊन त्यांच्यासमोर उभं राहिलं, हाताला हात लावला, तेव्हा हसले. पुतण्याचं वय २३ आहे. त्याचे कान अजून शाबूत आहेत. ते तसेच राहावेत म्हणून हा सगळा खटाटोप.

तुमच्या ट्रॅक्टरवर, पिकअपवर नळी असेल तर आज संध्याकाळी एक करा. दिवसभराचं काम संपवून उतरलात की शांत जागी उभं राहा. कानात 'कुंईं' असा आवाज येतो का बघा. येत असेल तर सायलेन्सरचं दुकान गाठा, आणि कान एकदा डॉक्टरांना दाखवा.