गाडीतला बास स्पीकरपेक्षा बॉक्सवर ठरतो! सबवूफरचा बॉक्स नेमका कसा बनवतात?

वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजारात एखादी गाडी शेजारून जाते आणि गाणं कळायच्या आधी काचा थरथरतात. असा बास आपल्याही गाडीत हवा म्हणून अनेकजण महागडा सबवूफर आणतात, मिळेल त्या खोक्यात बसवतात आणि मग म्हणतात, "स्पीकरच खराब निघाला!" बऱ्याचदा दोष स्पीकरचा नसतो, खोक्याचा असतो.

बॉक्स लागतोच कशाला?

सबवूफरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. 40 हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे छोट्या गाडीच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे उघड्या स्पीकरचा पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात. बॉक्स या दोघांना वेगळं ठेवतो.

बंद की पोर्टवाला?

बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी कोनला आवरते. आवाज घट्ट येतो आणि जागा कमी लागते. पोर्टवाल्या बॉक्सला एक नळी किंवा फट असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर ती घुमते, तसाच हा प्रकार. तेवढ्याच पॉवरमध्ये आवाज मोठा येतो, पण बॉक्सही मोठा लागतो आणि नळीचं माप चुकलं की बास बिघडतो.

साधारणपणे 12 इंची सबवूफरला बंद बॉक्स 25 ते 35 लिटरचा आणि पोर्टवाला 45 ते 60 लिटरचा लागतो. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. ही गणितं नेविल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या कामावर उभी आहेत, म्हणूनच त्या आकड्यांना 'थील-स्मॉल पॅरामीटर' म्हणतात.

माप आतलं घ्या

इथेच बहुतेकांचं चुकतं. समजा बॉक्स बाहेरून 50 × 36 × 30 सेंटीमीटर आहे. हे झाले 54 लिटर. पण 18 मिलिमीटर जाडीचा एमडीएफ वापरला तर आतलं माप 46.4 × 32.4 × 26.4, म्हणजे 40 लिटरपेक्षाही कमी! त्यातून स्पीकरच्या मागच्या भागाने आणि आतल्या आधारपट्ट्यांनी अडवलेली जागाही वजा करायची.

हे आतलं माप कागदावर लिहून दिलं, तर गावातला सुतारही बॉक्स नीट बनवू शकतो. सांध्यांना फेविकॉल भरपूर लावावं. स्क्रूआधी बारीक भोक पाडावं, नाहीतर एमडीएफ फाटतो. आतून सिलिकॉनने फटी बुजवाव्यात आणि ते पूर्ण वाळल्यावरच स्पीकर बसवावा. एमडीएफ पाण्याने फुगतो. पावसाळ्यात डिकीत ओल येत असेल तर वॉटरप्रूफ प्लाय बरा.

बंद बॉक्स तपासायची सोपी युक्ती: कोन हाताने हलकेच दाबून सोडा. तो सावकाश परतला तर बॉक्स हवाबंद आहे, झटकन परतला तर कुठेतरी गळती आहे.

गाडीत बसवताना

बॉक्स डिकीत नुसता ठेवू नका. वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात धडक बसली किंवा करकचून ब्रेक लागला, तर 20 किलोचा सुटा बॉक्स मागच्या सीटवरच्या माणसांवर येऊ शकतो. म्हणून तो गाडीच्या सांगाड्याला ब्रॅकेट आणि बोल्टने आवळावा. अॅम्प्लिफायरच्या मुख्य वायरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर आगीपासून हा फ्यूजच वाचवतो.

आणि आवाज किती ठेवायचा? 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत ठीक मानला जातो. त्यापुढे दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला उरतात जेमतेम 15 मिनिटं. बॉक्स परत बनवता येतो, कान नाही!