जीएनयू बाइन्युटिल्स

जीएनयू बाइन्युटिल्स हा यंत्रभाषेत रूपांतरित झालेल्या आज्ञावली जोडण्यासाठी, बदलण्यासाठी व तपासण्यासाठी वापरला जाणारा मुक्त साधनांचा संच आहे. ही साधने टर्मिनलवर आदेश टंकून चालवली जातात. मूळ संहिता हाती नसतानाही एखादी आज्ञावली कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, तिला कोणत्या लायब्ररी लागतात आणि तिच्यात कोणता मजकूर आहे, हे त्यांच्या साहाय्याने कळू शकते.

पार्श्वभूमी

सी सारख्या भाषेत लिहिलेली संहिता माणसाला वाचता येते. कंपायलर तिचे यंत्रसूचनांत रूपांतर करतो. लिनक्सवर अशी तयार संचिका एल्फ या स्वरूपात असते. हे स्वरूप युनिक्स सिस्टिम ५ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर रूढ झाले. एल्फ संचिकेचा पहिला बाइट १२७ असतो व पुढील तीन बाइट इ, एल, एफ या रोमन अक्षरांचे असतात. संचिकेत यंत्रसूचना, न बदलणारा मजकूर, नावांची सारणी इत्यादींसाठी स्वतंत्र विभाग असतात.

प्रमुख साधने

• रीडएल्फ : एल्फ संचिकेचे शीर्षक, विभाग व डीबग माहिती दाखवते.
• ऑब्जडम्प : यंत्रसूचना असेंब्ली भाषेत उलगडून दाखवते.
• एनएम : फंक्शने व चल यांच्या नावांची यादी देते. नावापुढील टी हे अक्षर संचिकेतच असलेले फंक्शन, तर यू हे अक्षर बाहेरून मिळवायचे नाव सुचवते.
• स्ट्रिंग्ज : संचिकेतील वाचता येण्याजोगा मजकूर वेगळा काढते. सलग किमान चार अक्षरे असल्यासच तो दाखवला जातो.
• अ‍ॅडर२लाइन : स्मृतीतील पत्त्यावरून मूळ संहितेतील संचिका व ओळ सांगते.
• स्ट्रिप : नावे व डीबग माहिती काढून संचिका लहान करते.

यांपैकी बहुतेक साधने बीएफडी या सामाईक लायब्ररीवर आधारलेली आहेत. रीडएल्फ मात्र तिच्यावर अवलंबून नाही. त्यामुळे बीएफडीत दोष असला तरी रीडएल्फने केलेल्या तपासणीवर त्याचा परिणाम होत नाही.

डीबग माहिती

यंत्रसूचनांत मूळ संहितेच्या ओळी, चलांचे प्रकार किंवा त्यांची नावे उरत नाहीत. ती हवी असल्यास कंपायलरला तशी सूचना द्यावी लागते. मग तो ड्वार्फ या स्वरूपात ही माहिती वेगळ्या विभागांत लिहितो. ड्वार्फची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ही माहिती नसल्यास बंद पडलेल्या आज्ञावलीच्या अहवालात केवळ पत्ते दिसतात आणि दोष कोणत्या ओळीत आहे हे शोधणे अवघड होते. म्हणून अनेक लिनक्स वितरणे मुख्य संचिकेतून ही माहिती काढतात, पण स्वतंत्र संचिकेत जपून ठेवतात.

देवनागरी मजकुराची तपासणी

यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'अलिबाग' या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात, मात्र संगणकाच्या दृष्टीने ती सहा चिन्हे, म्हणजेच १८ बाइट असतात. स्ट्रिंग्ज हे साधन मुळात सात-बिट अक्षरांचाच विचार करते. त्यामुळे रायगड किनाऱ्यावरील गावांची नावे देवनागरीत असलेल्या आज्ञावलीत ती नावे जणू नाहीतच, असा त्याच्या उत्तरावरून समज होऊ शकतो. आठ-बिट अक्षरांचा पर्याय निवडल्यावर ती दिसतात.

दिसायला सारखे शब्द वेगळ्या प्रकारे साठवलेले असणे ही दुसरी अडचण होय. 'किनाऱ्या' हे रूप ऱ या स्वतंत्र चिन्हाने लिहिल्यास २४ बाइटांचे होते. साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून तेच रूप लिहिल्यास ते २७ बाइटांचे होते. कंपायलर दोन्ही रूपे जशीच्या तशी ठेवतो. परिणामी, बाइटांची थेट तुलना करणाऱ्या आज्ञावलीत एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. पडद्यावर न दिसणारा हा फरक रीडएल्फ किंवा ऑब्जडम्प यांनी मजकुराच्या विभागातील बाइट छापल्यावर उघड होतो.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये अदृश्य युनिकोड चिन्हांनी संहितेचा खरा अर्थ लपवता येतो, हे दाखवून दिले. त्यानंतर २०२२ मधील २.३८ या आवृत्तीत स्ट्रिंग्ज, एनएम, ऑब्जडम्प व रीडएल्फ यांना अशी चिन्हे संकेतांकांच्या रूपात दाखवण्याचा पर्याय मिळाला.

सुरक्षितता

अनोळखी संचिका तपासणे नेहमीच निर्धोक नसते. २०१४ मध्ये मिखाऊ झालेव्स्की यांनी दाखवून दिले, की मुद्दाम बिघडवलेली संचिका स्ट्रिंग्जला दिल्यास बीएफडीतील दोषामुळे तपासणाऱ्याच्याच संगणकाला धोका पोहोचू शकतो. त्यामुळे २.२५ आवृत्तीपासून स्ट्रिंग्ज संचिकेची रचना उलगडण्याऐवजी ती सरसकट वाचू लागले. लायब्ररींची यादी देणारे एलडीडी हे साधन काही परिस्थितीत तपासायची आज्ञावलीच चालवू शकते. अनोळखी संचिकेसाठी त्याऐवजी ऑब्जडम्प वापरण्याची शिफारस केली जाते.

महाराष्ट्रातील कार्य

पुण्यातील केपीआयटी या कंपनीने रेनेसासच्या सुपरएच, एच८ व आरएक्स या मायक्रोकंट्रोलरांसाठी जीसीसी व बाइन्युटिल्स यांचे तयार संच विनामूल्य उपलब्ध करून दिले होते. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले. तेथे कंपायलरच्या अंतर्गत रचनेवर कार्यशाळा घेण्यात आल्या.