चारांतला एक

तर झालं असं. पुतणीचं बारावीचं वर्ष होतं. जीवशास्त्रात रक्तगटांचा धडा आला आणि बाईसाहेबांनी तो तक्ता घरच्यांवरच लावून पाहिला. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा एबी, आई बी. मग आपला धाकटा ओ कसा? एबी बापाला ओ मूल होतच नाही."

दादा हसला. वहिनी हसली नाही. पुढचे दोन दिवस घरात जरा जास्तच शांतता होती.

मी आपला पुस्तकं उघडून बसलो. त्यात एक गंमत सापडली. हा प्रसंग 1924 च्या आधी आला असता, तर तक्त्याने वहिनीकडे बोटच दाखवलं नसतं! रक्तगट आईबापांकडून येतात हे फॉन डुंगर्न आणि हिर्झफेल्ड यांनी हायडेलबर्गला 1910 साली दाखवलं होतं. पण ए आणि बी या दोन वेगळ्या, स्वतंत्र जोड्या आहेत असं ते धरून चालले. त्या हिशोबात एबी बापाला ओ मूल होऊ शकतं.

हे खोडलं ते फेलिक्स बर्नस्टाइनने. हा डॉक्टर नव्हे, ग्योटिंगेनचा गणिती. त्याने सुईसुद्धा हातात धरली नाही, दुसऱ्यांनी गोळा केलेले आकडे घेऊन बसला. त्याची युक्ती साधी आहे. समजा, शंभर माणसांत 36 ओ, 28 ए, 28 बी आणि 8 एबी आहेत. म्हणजे ए असलेले एकूण 36 आणि बी असलेलेही 36. दोन्ही गोष्टी स्वतंत्र असत्या तर एबी निघायला हवेत 36 टक्क्यांचे 36 टक्के, म्हणजे जवळजवळ 13. प्रत्यक्षात आठच! एबी असे नेहमी कमी का पडतात? बर्नस्टाइन म्हणाला, कारण जागा एकच आहे आणि ए, बी, ओ हे तिघे तिच्यावर हक्क सांगतात. आईकडून एक, बापाकडून एक. एबीकडे द्यायला ओ नसतोच.

पुढे हाच तक्ता कोर्टात बापपण ठरवायला वापरला गेला. बर्नस्टाइनची स्वतःची नोकरी मात्र नाझींच्या राज्यात तो ज्यू म्हणून गेली. असो.

या नियमाला अपवाद सापडला तो आपल्या मुंबईत. 1952 साली डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या लंडनच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक विचित्र रक्तगट जाहीर केला. तपासणीत ओ दिसणारा, पण ओ रक्तही न चालणारा. ए आणि बी ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या माणसांत नसतो. म्हणजे आत ए किंवा बी असूनही बाहेर ओ! आईबाप दोघेही हा दोष लपवून असले, तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत शक्यता चारांत एक. भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक असल्याचं सांगतात.

मी मोठ्या उत्साहाने हे वहिनीला सांगितलं. वाटलं, सुटका झाली.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "भावोजी, दहा हजारांतलं एक कारण कशाला शोधताय? आधी ह्यांचं रक्त पुन्हा तपासून आणा."

हे मला सुचलंच नव्हतं. दादाचं एबी आलं होतं त्याच्या कॉलेजच्या वेळच्या एका कार्डावरून. त्यानंतर कधी कुणी तपासलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिघांचंही रक्त दिलं. वहिनी बी, धाकटा ओ. दादा ए निघाला.

पुतणीने लगेच चार घरं आखली. बापाकडे ए आणि ओ, आईकडे बी आणि ओ. एका घरात एबी, एकात ए, एकात बी, एकात ओ. चारांतला एक, आमचा धाकटा.

दादाने ते जुनं कार्ड फाडून टाकलं. वहिनीने नवा रिपोर्ट फ्रिजच्या दारावर लावलाय. अजून आहे.