पेठेतली बस आणि आपला थांबा

"काका, स्मरणिकेसाठी काहीतरी जुनं लिहा, इतिहासाचं," असा संपादक मंडळातल्या मुलांचा आग्रह झाला. (मुलं म्हणायची आपली; सगळी चाळिशीच्या पुढची आहेत.) मी पडलो बँकेतला माणूस. आयुष्यभर खतावण्या जुळवल्या. पेशवाईवर लिहिण्याचा मला अधिकार नाही. म्हणून ज्या इतिहासात मी स्वतः दांडीला लोंबकळत प्रवास केला, तो पुण्याच्या बसचा इतिहास निवडला. तो लिहिताना आपल्या संस्थेच्या इतिहासातलं एक पानही उघडावं लागणार आहे. ते थोडं अडचणीचं आहे, पण पंचवीस वर्षं झाल्यावर उघडायला हरकत नसावी.

आधी एक योगायोग सांगतो. महापालिकेची बस सुरू होण्यापूर्वी पुण्यात एक खासगी कंपनी बस चालवायची. तिचं नाव होतं 'सिल्व्हर ज्युबिली मोटर्स'. म्हणजे बस आणि रौप्यमहोत्सव यांचं नातं या शहरात आपल्या आधीपासूनचं आहे!

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली आणि त्यानंतर शहराची बससेवा पालिकेकडे आली. तीच आपली 'पीएमटी'. त्या वेळचं पुणे म्हणजे पेठा, कॅम्प, स्टेशन, नदीपलीकडे डेक्कन आणि शिवाजीनगर. सायकलवर कुठूनही कुठेही अर्ध्या तासात पोहोचता यायचं. बसची गरज होती, पण बसवाचून कुणाचं अडत नव्हतं. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात वडील सायकलने कचेरीत जायचे आणि आई मंडईत चालत. बसमध्ये बसायचं ते स्टेशनवर पाहुण्यांना आणायला.

मग १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही फुटलं आणि नदीकाठचं निम्मं पुणे पाण्यात गेलं. मी दहा वर्षांचा होतो. वाड्याच्या भिंती बसल्या आणि आमचं बिऱ्हाड पुढे सहकारनगरला गेलं. आज अनेकांना माहीत नसेल, पण पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या सहकारी गृहरचना संस्थांमुळे तो भाग वसला. गोखलेनगरही पूरग्रस्तांचंच. शहर एका रात्रीत बेघर झालं आणि पुढच्या काही वर्षांत पर्वतीच्या पलीकडे पसरलं.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की बस म्हणजे नुसतं वाहन नाही. पेठेत असताना बस चुकली तर 'जाऊ दे, चालत जाऊ' असं म्हणता यायचं. सहकारनगरला आल्यावर बस चुकली की शाळेचा पहिला तास चुकायचा. आई घड्याळाकडे बघत डबा भरायची. शहर तेच, महापालिका तीच, तिकिटाचा दरही तोच. फक्त दोन बसमधलं अंतर वेगळं. त्या अंतरावरून आपण शहराच्या मध्यात राहतो की कडेला, हे ठरत होतं.

पुढे शहर चारही बाजूंनी वाढलं. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले. १९७०मध्ये तिथे नगरपालिका झाली, १९७४मध्ये तिची स्वतंत्र बससेवा 'पीसीएमटी' सुरू झाली आणि १९८२मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दोन पालिका, दोन बससेवा, पण रोज कामाला जाणारा माणूस मात्र एकच. दापोडीच्या हॅरिस पुलाखालची नदी त्याला दिसायची, हद्द दिसायची नाही. या दोन्ही सेवा एकत्र करून 'पीएमपीएमएल' व्हायला २००७ साल उजाडावं लागलं.

दरम्यान पुणेकरांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. १९७२मध्ये आकुर्डीच्या बजाजची चेतक आली, त्याच सुमारास फिरोदियांची लुना आली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. बससाठी वीस मिनिटं थांबायला कुरकुर करणारे आम्ही स्कूटरसाठी काही वर्षं आनंदाने थांबलो. बँकेच्या कर्जावर माझी स्कूटर आली, त्या दिवशी पेढे वाटले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं मी बसमध्ये नियमित चढलो नाही, हे कबूल करतो. सायकलींचं शहर दुचाकींचं झालं आणि बस 'ज्यांच्याकडे दुचाकी नाही त्यांची' झाली.

आता थोडा हिशेब. पेठेत दोन-तीन मिनिटांनी बस आणि उपनगरात अर्ध्या-पाऊण तासाने, असं का होतं? अनेकांना वाटतं, यात कुणाचा तरी दुजाभाव आहे. दुजाभाव कुठे असेलही, पण बराचसा प्रकार गणिताचा आहे.

समजा, एक मार्ग पाच किलोमीटरचा आहे. जाऊन-येऊन एक तास लागतो. त्यावर दहा गाड्या लावल्या तर दर सहा मिनिटांनी बस मिळेल. दुसरा मार्ग अठरा किलोमीटरचा, जाऊन-येऊन अडीच तासांचा. त्यावरही दहाच गाड्या लावल्या, तर बस मिळेल दर पंधरा मिनिटांनी. म्हणजे दोन्ही वस्त्यांना 'समान' दहा गाड्या दिल्या, तरी कडेच्या वस्तीला अडीचपट थांबावं लागणार. त्यात वाहतुकीच्या कोंडीमुळे अडीच तासांचे तीन तास झाले, की पंधरा मिनिटांची अठरा होतात. गाडी एकही कमी झालेली नसते, तरी सेवा कमी होते.

दुसरी गोष्ट झाडासारखी आहे. पुण्याचे बहुतेक मार्ग स्वारगेट, मनपा, डेक्कन आणि स्टेशन यांना बांधलेले. बाजीराव रस्त्याने वर जायचं, शिवाजी रस्त्याने खाली यायचं. बारा मार्गांवर प्रत्येकी अर्ध्या तासाने बस असेल, तर ते बाराही मार्ग जिथून जातात त्या थांब्यावर सरासरी अडीच मिनिटांनी बस येते. पेठेतल्या माणसाला मंडईपर्यंत जायचं असतं, त्याला बारापैकी कुठलीही चालते. पण फांदीच्या टोकाला राहणाऱ्याला त्याची एकच बस हवी असते. खोडाजवळ गर्दी, टोकाला शुकशुकाट.

तिसरी गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे: चाळीस मिनिटं काही नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन बस एकामागोमाग. पहिली थोडी उशिरा येते, म्हणून थांब्यावर माणसं जास्त साठतात. ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती पळते आणि पुढचीला गाठते. मार्ग जितका लांब, तितका हा प्रकार जास्त. वेळापत्रकात वीस मिनिटं लिहिलेली असतात, हिशेबही चुकलेला नसतो, पण थांब्यावर उभं राहणाऱ्याचे पाय चाळीस मिनिटं मोजतात.

एकूण गाड्यांचाही प्रश्न आहेच. केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे चांगल्या सेवेसाठी लाख लोकसंख्येमागे ६० बस हव्यात. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे ४८ लाख लोक होते. म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येलाही जवळजवळ २,९०० गाड्या लागतात. ताफा राहिला आहे तो दोन हजारांच्या आसपास. त्यानंतर लोकसंख्या वाढली, २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं हद्दीत आली. चादर तीच, पाय मात्र वाढत गेले. आणि चादर अपुरी पडली की पाय उघडे पडतात ते कडेच्या माणसाचे.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बीआरटीचा प्रयोग झाला. २०२१मध्ये पेठांसाठी 'पुण्यदशम' आली, तेव्हा दहा रुपयांत दिवसभर कितीही फिरता यायचं. २०२२पासून मेट्रो धावते आहे. पण मेट्रो झाली तरी घरापासून स्टेशनपर्यंत कसं जायचं, हा प्रश्न पुन्हा बसपाशीच येऊन थांबतो.

आता आपलं पान.

आपण २००० साली सिंहगड रस्त्याच्या आत राहायला आलो, तेव्हा समोरचा रस्ता कच्चा होता आणि पाणी टँकरचं होतं. नातेवाईक विचारायचे, "ते पुण्यात येतं का हो?" मुख्य रस्त्याने ५० नंबरची सिंहगड बस जाताना दिसायची, पण ती आपल्या कामाची नव्हती. पहिल्या दोन वर्षांत ज्येष्ठ सभासदांनी अर्ज-विनंत्या करून आतल्या रस्त्याने बस मिळवली. थांबा अगदी आपल्या फाटकाशी होता. पहिल्या बसच्या चालक-वाहकांना आपल्या भगिनींनी ओवाळून नारळ दिला होता. तेव्हा संस्थेच्या वाहनतळात चार मोटारी होत्या.

पुढे मोटारी वाढल्या. फाटकातून गाडी बाहेर काढताना थांब्यावरची माणसं आडवी यायला लागली. थांब्याशेजारी वडापावची गाडी लागली, भाजीवाली बसायला लागली. 'संस्थेच्या सौंदर्याला बाधा येते,' असं एका वार्षिक सर्वसाधारण सभेत कुणीतरी म्हणालं आणि थांबा पुढे फाट्यावर हलवण्याची विनंती करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने, हे मुद्दाम सांगतो. पत्राचा मसुदा मी केला. सचिव मीच होतो. बँकेतल्या सवयीने पत्र इतकं मुद्देसूद लिहिलं, की ते लगेच मान्य झालं.

थांबा फाट्यावर गेला. इथून सातशे ऐंशी पावलं. मी अलीकडेच मोजली. आपल्यातले जे थोडे लोक बसने जायचे, त्यांनीही दुचाक्या घेतल्या. आत येणाऱ्या बसला प्रवासी राहिले नाहीत आणि रिकामी बस कुठलाही हिशेबनीस फार दिवस फिरू देत नाही. मीही दिली नसती. काही वर्षांनी आतली फेरी बंद झाली. आपल्याला ते कळलंसुद्धा नाही.

ज्यांना कळलं, त्या आपल्या सभेत बसत नव्हत्या. आमच्या विंगमध्ये गेली अठरा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी खडकवासल्याकडून येतात. फाट्यावर उतरून चालत येतात. पावसाळ्यात पदर पिळत दारात उभ्या राहतात आणि उशीर झाला म्हणून आपल्याच घरात बोलणीही खातात. रात्रपाळी संपवून जाणारे आपले वॉचमन, क्लासहून येणारी मुलं, ही सगळी माणसं आपण एका ठरावाने सातशे ऐंशी पावलं लांब ढकलली. आणि हे मला कधी समजलं? दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गुडघ्यामुळे स्कूटर बंद करायला सांगितली तेव्हा. तीस वर्षांनी मी पुन्हा बसच्या रांगेत उभा राहिलो. शेजारी मावशी होत्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही कसे काय इथं?" मला उत्तर देता आलं नाही.

मुलगा म्हणतो, "बाबा, मोबाइलवरून रिक्षा बोलवा." बोलावतोही. पण मावशींना ते रोज परवडणार नाही. आणि वाहनतळात आता जागेसाठी दरवर्षी सोडत काढावी लागते, तिथे आणखी किती वाहनं उभी करणार?

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त तीन सूचना करतो. एक, थांबा पुन्हा फाटकाशी आणावा आणि आतली फेरी सकाळ-संध्याकाळ तरी सुरू करावी, अशी विनंती संस्थेने करावी. दोन, नुसता अर्ज चालत नाही, आकडे लागतात. आपण निवृत्त मंडळींनी पाळीपाळीने महिनाभर फाट्यावर बसून बस किती वाजता आली, किती माणसं चढली-उतरली, याची नोंद करावी. सकाळची पाळी मी घेतो, थर्मास मी आणतो. तीन, आणि हे सगळ्यात अवघड आहे, बस मिळाली तर ती वापरावी. आठवड्यातून एक दिवस का होईना. मागून आणलेल्या पाहुण्याला आपणच पाठ दाखवली, तर तो दुसऱ्यांदा गेल्यावर परत येत नाही.

पत्राचा मसुदा तयार आहे. संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे, शेजारी पेनही बांधून ठेवलं आहे. जुन्या पत्राखाली सचिव म्हणून माझी सही होती. या पत्रावर साधा सभासद म्हणून पहिली सही केली आहे. खाली जागा भरपूर सोडली आहे.