फोन आपला, सत्ता कोणाची?

१/ मोहोपाड्याच्या बाजारात मोबाइल घेताना रंग, कॅमेरा, बॅटरी, किंमत निवडता येते. फोन ज्या कार्यप्रणालीवर चालतो, ती कोणती हवी, हे मात्र कोणी विचारत नाही. ही स्थिती आपोआप आलेली नाही. ती करारांनी घडवली आहे. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

२/ अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली आला. या प्रणालीचा गाभा मुक्तस्रोत आहे. त्यात कोणीही बदल करू शकतो. मात्र प्ले स्टोअर गूगलचे. ते हवे असेल, तर बदललेल्या अँड्रॉइडचा एकही फोन न काढण्याची हमी उत्पादकाला द्यावी लागे.

३/ पर्याय निघाले. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडवरच बेतलेली, मराठीसह भारतीय भाषांना प्राधान्य देणारी ‘इंडस ओएस’ घडवली. २०१७च्या जिओफोनमध्ये ‘कायओएस’ आली. पण दोन्हीकडे निवड कंपनीचीच होती.

४/ २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि उत्पादकांवरील ही अट हटवण्यास सांगितले. २९ मार्च २०२३ रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. चार निर्देश मात्र रद्द केले. आधीपासून भरलेली ॲप काढून टाकण्याची मुभा ग्राहकाला देणारा निर्देश त्यांतलाच एक. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

५/ म्हणजे मोकळीक मिळाली ती उत्पादकाला. बूटलोडर कुलूपबंद असेल, तर फोनधारकाला दुसरी प्रणाली बसवता येत नाही. कंपनीने अपडेट थांबवले, की धडधाकट फोनही असुरक्षित होतो. आणि त्याच फोनवर आपले बँक खाते असते.

६/ ताबा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. तुलना ताणू नये; तिथे प्रश्न पोटाचा होता. पण क्रम लक्षात घ्यावा: १९३९च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले, मालकी १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनी. फोनच्या बाबतीत संरक्षणाचा टप्पाही अजून धारकापर्यंत पोहोचलेला नाही.