मानभावी : एका विशेषणाची कुळकथा

गोड बोलून आत भलतेच शिजवणाऱ्या माणसाला मराठीत ‘मानभावी’ म्हणतात. अग्रलेखातला पुढारी मानभावी खुलासा करतो, नाटकातली सासू मानभावीपणे डोळे पुसते, आणि आपण एका जिवंत पंथाचे नाव शिवीसारखे वापरतो आहोत हे लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही. मानभाव म्हणजे महानुभाव : तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभा केलेला, मराठीला ‘लीळाचरित्र’ देणारा पंथ. धर्म कोणता आणि संशयास्पद पंथ, हल्लीच्या बोलीत ‘कल्ट’, कोणता हे समाज कसे ठरवतो, याचा मराठीतला सर्वांत बोलका पुरावा या एका विशेषणात दडला आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जालन्याच्या वेशीवर देऊळगाव राजा आहे. गावाची ओळख बालाजीची. सिंदखेडच्या जाधवांच्या घराण्याचा त्याला आश्रय लाभला, आश्विनात यात्रा भरते, प्रचंड सागवानी लाठांचा मंडप माणसांच्या बळावर उभा राहतो, आणि लोक कौतुकाने त्याला प्रतितिरुपती म्हणतात. देव मूळचा तेलुगू मुलखातला, भाषा वेगळी, पूजापद्धती वेगळी. तरी त्याला कोणी ‘बाहेरचा पंथ’ म्हटले नाही. आता त्याच जिल्ह्यातली मेहकर आणि लोणार ही गावे पाहा. दोन्हींची नावे महानुभावांच्या स्थानपरंपरेत येतात. चक्रधरांनी या मुलखात मराठीतूनच उपदेश केला, शिष्यांनी तो मराठीतच लिहून ठेवला. म्हणजे दुरून आलेला देव गावाचा धर्म झाला आणि इथल्याच भाषेत वाढलेला मार्ग परका ठरला. सिंदखेडचे जाधव आपले कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडतात, आणि चक्रधर हिंडले ते त्याच यादवांच्या राज्यात. रामदेवरायाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या विरोधामुळे स्वामींना त्रास सोसावा लागला असे पंथाची परंपरा सांगते. एकाच राजकुळाच्या नावाखाली एका देवाला मंडप मिळाला आणि एका मार्गाला हेटाळणी.

शब्दाकडे वळू. ‘मानभाव’ कुठून आला याबद्दल दोन तर्क मांडता येतात. पहिला असा, की ‘मान’ आणि ‘भाव’ जोडून तो बनला : मान मिळावा असा भाव धरणारा, म्हणून ढोंगी. ऐकायला हा तर्क चोख वाटतो, आणि तेच त्याच्याविरुद्ध जाते. इतकी सोयीची फोड बहुधा अर्थ ठरल्यावर मागाहून सुचलेली असते. दुसरा तर्क असा, की महानुभाव हेच रूप बोलण्यात झिजून मानभाव झाले. महादेवाचा म्हादेव करणाऱ्या तोंडाला महानुभावाचा मानभाव करायला कष्ट पडत नाहीत. शिवाय ‘महानुभाव’ हे आरंभी पंथाचे नावच नव्हते. जुन्या ग्रंथांत परमार्ग, भटमार्ग अशी नावे येतात. भटमार्ग हे नाव पहिले आचार्य नागदेव ऊर्फ भटोबास यांच्यावरून पडले. महानुभाव, महात्मे ही आदराने मारायची हाक होती. म्हणजे ज्या शब्दाने लोक साधूपुढे हात जोडत, त्याचीच झीज होऊन आजचे विशेषण उरले.

पण खरा पुरावा एका म्हणीत आहे. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.’ मानभाव म्हणजे नुसता मानाचा हावरा असता तर त्याच्यासमोर कसाई का उभा केला? गर्विष्ठाच्या विरुद्ध नम्र आणता आला असता, ढोंग्याच्या विरुद्ध सरळमार्गी. कसाई आणला, कारण मानभावांची गावोगाव ख्याती होती ती अहिंसेची. मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपणारा, भिक्षेवर जगणारा, मृदू बोलणारा हा संन्यासी ज्याने पाहिला आहे त्यालाच ही जोडी सुचेल. आणि म्हण नीट वाचली तर तिच्यात मानभावाची निंदा मुळीच नाही. निंदा आहे ती कसायाची कृती करून मानभावाची भाषा उसनी घेणाऱ्याची. माझे म्हणणे असे, की ‘मानभावी’ हे विशेषण पंथावरून थेट आलेले नाही, या म्हणीतून सांडले आहे. म्हणीचे पहिले अर्धे गळाले, आणि उसनवारी करणाऱ्याचे पाप ज्याच्याकडून उसने घेतले त्याच्या माथी बसले.

यावर हरकत येईल, की पंथाची बदनामी म्हणीविनाही पुरेशी झाली होती. ती झाली होतीच. संतकाव्यात मानभावांवर टीका आहे. 1782 मध्ये पेशवाईतून निर्णय निघाला, की यांचा चार वर्णांशी संबंध नाही, षड्दर्शनांशी नाही, आणि त्यांचा उपदेश ऐकेल त्याला जातीबाहेर काढावे. पुढे इंग्रजी अमदानीत वऱ्हाडची माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांनी विरोधकांच्या तोंडच्या गोष्टी इतिहास म्हणून उतरवून घेतल्या. काळ्या वस्त्रांबद्दलच्या आणि कुणा कृष्णभटाच्या जादूच्या टोपीच्या कथा त्यातल्याच. पण या सगळ्या बदनामीत आरोप आहेत ते जात बुडवल्याचे, वेद न मानल्याचे, जादूटोण्याचे. गोड बोलून फसवण्याचा आरोप, जो ‘मानभावी’चा गाभा आहे, तो त्यांत मुख्य नाही. तो म्हणीतूनच येतो. 1782 च्या निर्णयाची भाषा मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे : कोणाचे नुकसान केले, कोणाला कोंडून ठेवले, कोणाचा पैसा बुडवला असा प्रश्नच तिथे नाही. वर्णात बसत नाही, दर्शनात बसत नाही, म्हणून बाहेर.

बसत नसण्याचा दोष पंथाचाही नव्हता का? इथे सकळी लिपीची गोष्ट येते, आणि माझ्या मते सगळ्या कथेतला सर्वांत अवघड धागा तो आहे. आरंभीचा पंथ कमालीचा उघडा होता. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या पंडित शिष्याला नागदेवाचार्यांनी अडवले, कारण त्याने साध्यासुध्या बाया वंचित झाल्या असत्या. ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांना विचारून आठवणी जमवल्या. आणि चौदाव्या शतकात याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत घातले. रवळोबासांच्या नावावर सांगितली जाणारी सकळी ही त्यांतली मुख्य. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या. रीत साधी : नेहमीच्या अक्षराऐवजी ठरलेले दुसरे चिन्ह. किल्ली दीक्षिताकडे. पाचेकशे वर्षे मराठीतले पहिले गद्य मराठी माणसाला वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांपुढे ते उलगडले, तेही पंथातल्या महंतांनी हात पुढे केल्यामुळे.

हे का केले? सुलतानी फौजांच्या भीतीने, असे एक उत्तर. पण लुटणाऱ्या शिपायाला देवनागरी तरी कुठे वाचता येत होती. जाळायला लिपी कळावी लागत नाही. ब्राह्मण विरोधकांच्या भीतीने, हे दुसरे. त्यात तथ्य अधिक, तरी विरोध सर्वांत तीव्र होता तो स्वामींच्या हयातीत, आणि तेव्हा कोणी लिपी लपवली नाही. तिसरे उत्तर मला पटते. परंपरा सांगते की धाडीत मूळ पोथ्या गेल्या आणि लीळा पाठांतरावरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. तोवर पंथाच्या शाखा, त्यांना ते आम्नाय म्हणतात, फुटू लागल्या होत्या, आणि प्रत्येकीचा पाठ वेगळा होण्याचा धोका होता. लिपी ही शत्रूविरुद्धची भिंत कमी आणि निष्काळजी लेखनिकाविरुद्धची जास्त : जो शिकून, गुरूपाशी बसून उतरवेल तोच उतरवेल. पाठ टिकला. किंमत मात्र शेजाऱ्यांच्या नजरेत मोजावी लागली. ज्यांचे पुस्तक वाचता येत नाही त्यांच्याबद्दल काहीही खरे वाटू लागते. टोपीची कथा त्या रिकाम्या जागेत शिरली. बालाजीला हा प्रश्न आला नाही. त्याच्या मंडपाला गावाने खांदा दिला, त्यात लपवायचे काय असणार.

शब्द असे घसरण्याची ही पहिली वेळ नव्हे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ हा शब्द कोणत्याही धर्मपरंपरेसाठी येतो; बारावा लेख तर सांगतो की आपल्या पासंडाची स्तुती करताना दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करू नये. त्याच शब्दाचे पुढे ‘पाखंड’ झाले. लॅटिनमधला ‘कल्तुस’ हाही मशागत, सेवा, पूजा असा साधा शब्द. त्याचा आज ‘कल्ट’ झाला आहे. तिन्ही ठिकाणी आदराचे किंवा निदान तटस्थ नाव बहुसंख्यांच्या तोंडी जाऊन संशयाचे झाले.

म्हणून भोंदू बुवा आणि खरा धर्म यांत फरकच नाही का? आहे, पण तो नावात शोधला की 1782 चा निर्णय हाती येतो. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तेव्हा त्याच्या अनुसूचीत एकाही पंथाचे नाव घातले नाही. तिथे कृत्ये आहेत : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, वैद्यकीय उपचारापासून अडवणे. या कसोटीला मोठ्यातल्या मोठ्या धर्माचे देवस्थानही उतरावे लागेल, आणि लहान पंथही केवळ लहान म्हणून नापास होणार नाही.

महानुभाव साधू उत्तरेत पंजाबात गेले, तिथून पेशावर आणि काबूलपर्यंत पोहोचले. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणत. लिपी तीच, मराठी पोथ्या त्याच, पंथ ज्यांना ईश्वराचे अवतार मानतो ते पाच कृष्ण तेच. ‘मानभावी’ हे विशेषण मात्र मराठीबाहेर गेले नाही. आता अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या गावी, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथे कधी नवा शब्दकोश तयार झालाच, तर ‘मानभावी’च्या नोंदीत संपादकांनी ‘ढोंगी’ या अर्थाआधी ती म्हण पूर्ण छापावी, कसायासकट.